पाखल्याला पंगत

आमच्या आजीचं माहेर खाडीपलीकडचं. आरोंद्याच्या काठावर उभं राहिलं की समोर किरणपाणी, त्यामागे माड, आणि त्या माडांच्या मागे आत कुठेतरी, पेडण्याच्या वाटेवर, तिचं घर. होडीत बसलं की तोंडातलं पान रंगायच्या आत माणूस पलीकडे. पण तेवढ्या पाण्यात दोन मुलूख होते. अलीकडे स्वतंत्र हिंदुस्थान, पलीकडे पाखल्यांचं राज्य. पाखलो म्हणजे पोर्तुगीज. आजी हा शब्द कधी रागानं उच्चारायची नाही. वाडीतल्या एखाद्या तऱ्हेवाईक शेजाऱ्याचं नाव घ्यावं, तसा घ्यायची.

पाखल्यांवर राज्य करणारा होता सालाझार. हा मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९३२ साली पोर्तुगालचा पंतप्रधान झाला आणि १९६८पर्यंत हललाच नाही. निवडणुका नावापुरत्या, वर्तमानपत्रांवर कात्री, गुप्त पोलीस दाराशी. गोव्यात तर लग्नपत्रिका छापायची तरी आधी सरकारला दाखवावी लागे, असं आजी सांगायची. ज्या गोव्यासाठी त्यानं एवढा हट्ट धरला, तिथं त्यानं आयुष्यात पाऊल टाकलं नाही. शेवटी म्हणे खुर्चीवरून पडला आणि मेंदूला मार बसला. त्याच्या जागी दुसरा नेमला, पण ते त्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही. १९७० साली मेला तो आपणच राज्य करतोय अशा समजुतीत. आमचे नाना, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, ही गोष्ट सांगताना स्वतःच इतके हसत की शेवट आम्हाला ठाऊक असूनही पुन्हा विचारावा लागे.

आजीच्या गोष्टी मात्र खाण्याच्या. माहेरहून आलेली माणसं काय काय आणायची! पोदेराकडचा पाव, सार्डिन माशांचे चपटे डबे, तांबड्या सालीचं चीज (ते घरात कुणालाच आवडत नसे, पण फेकायचं कसं?) आणि बटाटे. हो, बटाटे. भारतानं १९५४-५५पासून गोव्याची नाकेबंदी आवळत नेली, तेव्हा तिकडचा बाजार जगभरातून भरू लागला. बटाटे हॉलंडचे, तांदूळ पाकिस्तानचा, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. आजीला त्या डच बटाट्यांचं भारी कौतुक. "शिजले की पिठूळ होत," म्हणायची. आम्ही मुलं नकाशात हॉलंड शोधायचो ते बटाट्यासाठी.

हे बटाटे नाकेबंदीतून आमच्या चुलीपर्यंत पोचायचे कसे, हा प्रश्न लहानपणी पडला नाही. आजोबांचे एक चुलतभाऊ होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा रात्रीचे फार जागत, एवढंच आम्हाला ठाऊक. अंधाऱ्या पंधरवड्यात त्यांची होडी भाजी, अंडी, कोंबड्या, लाल मिरच्या घेऊन जायची आणि घड्याळं, नायलॉनच्या साड्या, डबे, बटाटे घेऊन यायची. सोनंही आणत असावेत. आजी म्हणे "नाय", नाना म्हणत "हो", आणि अण्णा नुसते सुपारी कातरत बसत. पलीकडच्या चौकीवरच्या एका पाखल्या शिपायाशी त्यांचं संधान होतं. एकदा नानांनी अण्णांना घरात सगळ्यांसमोर झापलं. तिकडे माणसं तुरुंगात सडताहेत आणि तुम्ही त्यांच्या शिपायाला कोंबड्या चारता? अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. "कोंबडी दिलंय," ते म्हणाले, "पंगतीक नाय बसवलंय."

हे वाक्य माझ्या समोर बोललं गेलं, की पुढे इतक्यांदा ऐकलं की समोर बोलल्यासारखं वाटतं, ते आता सांगता येणार नाही. पण लोकशाही देशांनी हुकूमशहांशी हातमिळवणी करावी का, यावर मोठमोठे लेख वाचताना मला अण्णा आठवतात. अण्णांचं नीतिशास्त्र चोरट्या मालाचं होतं, हे खरंच. तरी त्यांनी एक रेघ आखलेली होती.

नाना दुसऱ्या मुशीतले. राष्ट्र सेवा दल, प्रजासमाजवादी पक्ष, दर आठवड्याला 'साधना'. मुंबईत नोकरी, गिरगावात खोली. १९४६च्या १८ जूनला मडगावात लोहियांनी सभाबंदी मोडली, तेव्हापासून नानांच्या डोक्यात गोवा शिरलेला. १९५५च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिल्या तुकड्यांबरोबर सीमा ओलांडून गेले. पुढे मधू लिमये गेले. पोर्तुगीजांनी मारहाण करून लांबलचक शिक्षा ठोठावल्या. गोरे आणि लिमये १९५७ साली सुटून आले. आमचे नाना सीमा ओलांडायला गेले नाहीत. ते बांद्याला सत्याग्रहींच्या जेवणाच्या व्यवस्थेवर होते. पिठलं आणि उकड्या तांदळाचा भात. घाटावरची पोरं त्या लालसर भाताकडे संशयानं बघायची, त्यांची समजूत काढता काढता नाकी नऊ आले, असं ते सांगत.

१५ ऑगस्ट १९५५ला हजारो नि:शस्त्र माणसं ठिकठिकाणी सीमेवर गेली आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. वीसहून अधिक माणसं मेली. पत्रादेवीला कर्नेलसिंग बेनिपाल नावाचा पंजाबातून आलेला तरुण शिक्षक पडला. बांद्याच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी शिजवलेला भात उरला. नाना ही एक गोष्ट कधी रंगवून सांगत नसत. भात उरला, एवढंच म्हणत.

त्यानंतर सीमा पुरती मिटली. परमिटं बंद, गाडी बंद, मुंबईच्या गोंयकारांच्या घरी जाणाऱ्या मनीऑर्डरी अडल्या. आजीचं चवथीचं माहेर तुटलं. तिची आई त्या वर्षांतच कधीतरी गेली आणि ते आजीला कळलं अण्णांच्या होडीतून, बटाट्यांबरोबर.

आजीचा प्रश्न साधा होता. एवढासा पोर्तुगाल. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं उभी राहिली तर भरून जाईल. त्याला एवढा जोर कुणाचा? यावर नाना एकच शब्द म्हणत : "नाटो." आजीला वाटे ही कुणी बाई आहे.

नाटो १९४९च्या एप्रिलात जन्मली. तिच्या कराराच्या सुरुवातीलाच लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य यांची ग्वाही आहे, आणि त्याखाली सही करणाऱ्या बारा देशांत सालाझारचा पोर्तुगाल आहे. ब्रिटन होता, फ्रान्स होता, अमेरिका होती, कुणाचीही लेखणी अडखळली नाही. कारण अटलांटिक महासागरातली अझोर्स बेटं. युरोप आणि अमेरिका यांच्या मधोमध, विमानांना उतरून पेट्रोल भरायला हक्काची जागा. १९४३मध्ये ब्रिटननं चौदाव्या शतकातला करार उकरून काढून तिथं तळ मिळवला, मागोमाग अमेरिकन लाजेसच्या धावपट्टीवर आले. युद्ध संपलं तरी स्टालिनची भीती होती. बर्लिनची कोंडी ताजी होती. ही भीती खोटी नव्हती, हे मी आज मान्य करते. नानांनी ते कधीच मान्य केलं नाही.

पण धावपट्टीचं भाडं कोण भरत होतं, तेही बघा. २ डिसेंबर १९५५ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांच्याबरोबर संयुक्त निवेदन काढलं आणि त्यात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा 'प्रांत' असा झाला. वसाहत नव्हे, प्रांत. पत्रादेवीच्या गोळीबाराला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. नाना सांगत की ती बातमी आली त्या संध्याकाळी गिरगावात चहाच्या दुकानात लोक एवढे तावातावानं बोलत होते की मालकानं दुसऱ्यांदा दूध तापवलं आणि पैसे घेतले नाहीत.

डलेससाहेबांना हे सुचलं कशामुळे, तीही गंमतच. त्याच सुमाराला बुल्गानिन आणि क्रुश्चेव्ह भारतात आले होते आणि गोवा भारताचाच आहे, असं जाहीर सांगत फिरत होते. मुंबईतही त्यांचं दणक्यात स्वागत झालं. नाना समाजवादी, कम्युनिस्टांशी त्यांचं हाडवैर, पण रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. आणि महिना कोणता? नोव्हेंबर १९५५. २१ तारखेला फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या निदर्शकांवर गोळीबार होऊन पंधरा माणसं मेली होती. गोळ्या आपल्याच निवडून दिलेल्या सरकारच्या. त्याच शहरात त्याच दिवसांत दोन हुकूमशहांवर फुलं पडली. यातून काय निष्कर्ष काढायचा, हे नानांना कधी कळलं नाही आणि त्यांनी कळल्याचा आवही आणला नाही. ही त्यांची मला आवडणारी गोष्ट. त्याच महिन्यात आमच्या आंबोलीच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्यासाठी गुप्त रेडिओ सुरू केला. एक महिना आणि किती कारभार!

पुढच्याच वर्षी, १९५६च्या नोव्हेंबरात, रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. आपण काय केलं? आधी चाचरलो. मग संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका घ्या म्हणणाऱ्या ठरावाविरुद्ध चक्क मत दिलं. जयप्रकाशांनी नेहरूंना उघड खडसावलं. नाना त्या आठवड्यात गावी आले होते, कशासाठी ते आठवत नाही, बहुधा भातकापणीसाठी. आजीनं विचारलं, "तो टाळ्यांवालो रशियन, तोच रे ह्यो?" नाना जेवून उठले ते सरळ खळ्यात गेले.

आणि तरी गोष्ट एवढी सोपी नाही. ज्या अमेरिकेनं सालाझारला पाठीशी घातलं, तिनंच आम्हाला खाऊही घातलं. १९५६च्या पीएल-४८० करारापासून गव्हाची जहाजं येऊ लागली, पुढे दुष्काळात मिलो ज्वारी आली. तांबडी, खरखरीत. भात खाणाऱ्या कोकणी माणसाला मिलोची भाकरी म्हणजे शिक्षाच. आजी ती थापताना अमेरिकेच्या नावानं बोटं मोडायची, पण टोपली रिकामी गेली नाही. लोकशाही देश आम्हाला जेवू घालत होता आणि आमच्या मारेकऱ्याला पंगतीला बसवत होता. हुकूमशाही देश आमच्या बाजूनं बोलत होता आणि शेजाऱ्याला रणगाड्याखाली घालत होता. आजीच्या चुलीपाशी हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

१९६१चा डिसेंबर मात्र माझा स्वतःचा आहे. मी शाळकरी होते. सावंतवाडीकडून लष्करी ट्रक येऊ लागले, शाळेच्या मैदानात पाण्याचे टँकर उभे राहिले, आणि गुरुजींनी गोव्याचा नकाशा फळ्यावर काढला तो तीन वेळा पुसून पुन्हा काढला, कारण मांडवी आणि जुवारी यांची त्यांच्याकडून अदलाबदल व्हायची. १७ तारखेच्या रात्री कुणी झोपलं नाही. सगतसिंगांची भारतीय छत्रीधारी ब्रिगेड दोडामार्गाकडून गोव्यात शिरली. दुसऱ्या दिवशी विमानांचे आवाज ऐकले, की ऐकल्याचं नंतर ठरवलं, सांगता येत नाही. १९च्या संध्याकाळी गव्हर्नर-जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. मरेपर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. त्या भल्या माणसानं तो मोडला आणि हजारो पोरांचे जीव वाचवले. मायदेशी त्याला सैन्यातून काढून टाकलं. त्यानं दारूगोळा मागवताना सांकेतिक शब्द म्हणून 'सॉसेज' लिहिलं आणि लिस्बननं खरोखरचे सॉसेज पाठवले, अशी कथा पोर्तुगालमध्येही सांगतात. अण्णांनी ती ऐकल्यावर विचारलं म्हणे, "आणि ते खाल्ले कोणी?"

१८ तारखेलाच न्यूयॉर्कला सुरक्षा परिषद बसली. अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन, उदारमतवादी, आपले चाहते मानले जाणारे, त्यांनी भारताला असं फैलावर घेतलं की संयुक्त राष्ट्रांचा मृत्यूच जवळ आला, असा सूर लावला. युद्ध थांबवून मागे फिरा, या ठरावाच्या बाजूनं सात मतं पडली. त्यात अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स. विरोधात चार : सिलोन, लायबेरिया, इजिप्तचं संयुक्त अरब प्रजासत्ताक आणि सोव्हिएत रशिया. रशियाचं मत हा नकाराधिकार होता, ठराव पडला. नानांनी हे समजावून सांगितल्यावर आजी म्हणाली, "देव बरें करूं तेचें." दहा वर्षांनी बांगलादेशाच्या युद्धात रशियाच्या याकोव्ह मलिक यांनी पुन्हा हात वर करून आपल्याला वाचवलं आणि समोर बंगालच्या उपसागरात अमेरिकेचं आरमार याह्याखानाच्या मदतीला निघालं, तेव्हा आजी नव्हती. असती तर पुन्हा तेच म्हणाली असती.

मग मी काय म्हणते? सैनिकी तळ, तेल, नकाराधिकार, विमानं यांसाठी लोकशाही देशाला नको त्या माणसाच्या दारात जावं लागतं. नाशिकजवळ ओझरला आपण मिग विमानं बांधली, कराचीवर हल्ला करणाऱ्या आपल्या क्षेपणास्त्र नौका रशियन बनावटीच्या होत्या. हे सोडा, असं मी माझ्या देशाला सांगणार नाही. पण बुडापेस्टच्या वेळी तोंड शिवून बसायची, उलट विरोधात मत द्यायची कुठलीही गरज नव्हती. ते व्यवहारातलं देणं नव्हतं, मानपान होता. १९६८मध्ये प्रागच्या वेळी आपण तटस्थ राहिलो, तोही मानपानच.

आणि पाश्चात्त्यांनाही दुसरा रस्ता माहीत नव्हता असं नाही. शेजारच्या स्पेनमध्ये फ्रँको होता, सालाझारपेक्षा रक्तानं जास्त माखलेला. अमेरिकेनं १९५३मध्ये त्याच्याशी करार करून तळ घेतले, पैसे मोजले. पण नाटोत त्याला घेतलं नाही. स्पेन नाटोत आला १९८२ साली, फ्रँको मेल्यावर आणि निवडणुका सुरू झाल्यावर. म्हणजे अण्णांची रेघ त्यांना ठाऊक होती. स्पेनसाठी आखली, पोर्तुगालसाठी पुसली, आणि ती पुसल्याची किंमत गोव्यानं, मग अंगोला, मोझांबिक, गिनीनं मोजली. केनेडींनी १९६१च्या मार्चमध्ये अंगोलाच्या प्रश्नावर पोर्तुगालविरुद्ध मत देऊन पाहिलं. लाजेसचा करार १९६२ अखेर संपत होता. आवाज खाली आला.

ती धावपट्टी गेली असती का? २५ एप्रिल १९७४ला पोर्तुगालच्या सैनिकांनीच ती राजवट उलथली, लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत फुलं खोचली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी नव्या सरकारचे परराष्ट्रमंत्री मारिओ सुआरेश दिल्लीला आले आणि गोवा भारताचा आहे, या करारावर सही करून गेले. पोर्तुगाल नाटोत राहिला. अमेरिकन लाजेसला राहिले, आजही आहेत. हुकूमशहा गेला आणि तळ जागच्या जागी. धावपट्टी जाईल या ज्या भीतीपोटी पाश्चात्त्य देश पंचवीस वर्षं गप्प बसले, ती भीती शेवटी फुकाची ठरली.

आता एक मागणं. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, पेडणे, डिचोली, कारवार या पट्ट्यात तुमच्या घरी कुणी ऐंशी-नव्वदीचं माणूस असेल, तर त्यांच्याजवळ बसा. लढाईचं विचारू नका, ते पुस्तकांत आहे. नाकेबंदीत काय शिजत होतं, परमिट कुणाला मिळालं, होडी कोण हाकायचं, ते विचारा. आणि १९५५च्या नोव्हेंबरात मुंबईत असतील, तर टाळ्या कुणासाठी वाजवल्या होत्या, तेही विचारून लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यावर टाकू नका.